वाटाण्याच्या अक्षता

दादासाहेब फाळके यांच्याविषयीच्या चरित्रपर लेखनात एक वाटाणा वारंवार भेटतो. १९१२ साली फाळके लंडनहून विल्यमसन कॅमेरा, कच्च्या फिल्मला कडेने छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि चित्रपट करण्याची रीत घेऊन परतले. भांडवल मात्र हाती नव्हते. तेव्हा त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला, कुंडीपुढे कॅमेरा रोवला आणि महिन्याहून अधिक काळ दररोज एकेक चौकट टिपली. त्यातून बी रुजण्यापासून वेल होईपर्यंतचा, मिनिटाहून किंचित मोठा चित्रपट सिद्ध झाला. ‘अंकुराची वाढ’ हे त्याचे नाव. तो पाहून छायाचित्रण-साहित्याचे व्यापारी यशवंत नाडकर्णी यांनी कर्ज देण्याची तयारी दाखवली आणि ‘राजा हरिश्चंद्र’ची वाट मोकळी झाली. गौरवलेखांत, स्मरणिकांत, विद्यार्थ्यांच्या निबंधांत ही हकीकत जवळपास याच शब्दांत येते.

या हकिकतीतील दोन विधाने एकमेकांशी जुळत नाहीत, आणि ती का जुळत नाहीत हे कळण्यास प्राथमिक शाळेतील गुणाकारापलीकडे काही लागत नाही. मूकपटांच्या काळी सेकंदाला साधारण १६ चौकटी हा वेग प्रचलित होता. म्हणजे एका मिनिटाला ९६० चौकटी लागतात. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चौकटी बसत असल्याने ही फिल्म ६० फूट भरते. रोज एक याप्रमाणे ४० दिवसांत ४० चौकटी होतील व पडद्यावर त्या अडीच सेकंद टिकतील. डोळ्याची पापणी जरा रेंगाळली तर वाटाणा संपलेला असेल. उलट, रोज एकच चौकट घेऊन मिनिटभराचा चित्रपट करावयाचा तर अडीच वर्षांहून अधिक काळ त्या कुंडीपुढे बसावे लागेल, आणि वाटाणा काही वडाचे झाड नव्हे.

तेव्हा एक तर चित्रपट मिनिटाचा नसावा, किंवा रोज एक चौकट टिपली गेली नसावी. अडीच सेकंदांच्या दृश्यावर एखादा व्यापारी आपला पैसा लावील हे संभवत नाही, म्हणून आमचा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे. ४० दिवसांत ९६० चौकटी म्हणजे दिवसाला २४. हा आकडा एकदा हाती आला की त्या घरातील दृश्यच पालटते. कारण त्या काळच्या बहुतेक कॅमेऱ्यांत दांड्याच्या एका फेऱ्याला ८ चौकटी सरकत. रोज ठरावीक वेळी तीन फेरे फिरवले की २४ चौकटी होतात. असे केले असेल तर पडद्यावर वेल दीड सेकंद स्तब्ध उभी राहील व मग एकदम दचकून पुढे जाईल. असे चाळीस धक्के. पण एका फेऱ्याला एकच चौकट सरकण्याची सोय काही कॅमेऱ्यांत युक्तिदृश्यांसाठी केलेली असे. ती वापरून उजेडाच्या बारा तासांत दर अर्ध्या तासाला एक चौकट टिपली असेल, तर वेल खरोखर वाढताना दिसेल. मात्र तशा वेळी कोणीतरी महिनाभर घर सोडता कामा नये. फाळके स्वतः तर त्या दिवसांत भांडवलासाठी फिरत होते. फिल्मला अंधारात छिद्रे पाडण्याचे आणि ती रसायनांत धुण्याचे काम सरस्वतीबाई शिकल्या होत्या, हे सर्वज्ञात आहे. दर अर्ध्या तासाला दांडा फिरवणारा हात त्यांचा असावा हे आमचे अनुमान आहे, पुरावा नव्हे. पण रोज एक चौकट या वाक्यात त्या हाताला जागाच उरत नाही, हे अनुमान नव्हे.

एखाद्या छंदी माणसाच्या कुंडीचा हिशेब साहित्याच्या अभ्यासकांनी का मांडावा, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे असे की हा प्रश्न गणिताचा नसून वाचनाचा आहे. आपण कवितेतील एका अनुस्वारावर दोन पाने लिहितो. पाठभेद ताडून पाहतो. आणि मराठी माणसाने केलेल्या एका विलक्षण कृतीविषयीचे वाक्य समोर येते तेव्हा त्यातील क्रिया कशी घडली असेल हे क्षणभर डोळ्यांपुढे आणण्याचे कष्ट घेत नाही. कारण त्या वाक्याकडून आपली अपेक्षा माहितीची नसतेच. आपणांस हवा असतो त्याग. विमापत्र गहाण पडले, डोळे अधू झाले, पत्नीचे दागिने गेले, हे सर्व आपण बारकाईने सांगतो, व्यवस्थित लक्षात ठेवतो. प्रयोग हा त्या त्यागाचा पुरावा म्हणून अर्ध्या ओळीत येतो. वाटाण्याच्या वाट्याला, थोडक्यात, वाटाण्याच्याच अक्षता येतात.

फाळके यांनी स्वतः असे केले नव्हते. १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकात त्यांनी आपल्या उद्योगाविषयी जे लेख लिहिले त्यांत हालअपेष्टा आहेत, पण खेळण्यातल्या सिनेयंत्राशी केलेले घरगुती खेळही आहेत. त्याच सुमारास, १९१७ साली, त्यांनी ‘चित्रपट कसे तयार करतात’ या नावाचा एक लघुपट केला. त्याचे काही तुकडे आजही उपलब्ध आहेत. दिग्दर्शन करणारे व फिल्म तपासणारे फाळके त्यांत दिसतात. कृती ही दाखविण्याजोगी गोष्ट आहे, ती कथेइतकीच प्रेक्षकाला धरून ठेवील, असा विश्वास या माणसाला होता. परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) या चित्रपटाने तो मिस्कील सूर पुन्हा पकडला. त्यातील फाळके हुतात्मा नसून घर डोक्यावर घेणारे गृहस्थ आहेत. हे त्या चित्रपटाचे केवळ विनोदी कौशल्य नसून चरित्रलेखनावरील एक टीका आहे, असे आम्ही मानतो.

भाषेकडे पाहिले तर दोष एकट्या चरित्रकारांचा नाही हे दिसते. घरात स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलेल्या माणसासाठी मराठीत शब्दांची ददात नाही: खटपट, खुडबूड, लुडबूड, उचापती, उपद्व्याप, नसता उद्योग, आणि नव्या पिढीच्या तोंडी ‘किडे’. यांपैकी एकाही शब्दात निखळ कौतुक नाही. ‘खटपट्या’ला थोडा मान असतो, पण तो काम तडीस गेल्यावर. रेडिओ उघडलेला असताना तो ‘उपद्व्यापी’ आणि वाजू लागला की ‘हुशार’. हे सर्व शब्द, आमच्या मते, घरातील दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडचे आहेत. करणाऱ्याच्या तोंडचा शब्द त्यांत नाही. करणारा स्वतः फार तर ‘बघतोय जरा’ एवढेच म्हणतो.

याच्या उलट ‘प्रयोग’ या शब्दाची प्रतिष्ठा पाहावी. नाटकाच्या सादरीकरणाला संस्कृतात हा शब्द फार जुना; प्रयोगशाळेकडे तो अलीकडे गेला; आणि तेथून विज्ञानाचा शिक्का घेऊन पुन्हा वाङ्मयात परतला. प्रयोगशील कविता, प्रायोगिक रंगभूमी, कथेतील प्रयोग या पदांवाचून आमच्या विषयाची एक प्रश्नपत्रिका पुरी होत नाही. मात्र प्रयोगात काही धरून ठेवावे लागते, काही बदलावे लागते, फसला तर फसला असे लिहून ठेवावे लागते, ही त्या शब्दाची अट आपण प्रवेशद्वारापाशीच काढून ठेवली. फसलेल्या प्रायोगिक कवितेची नोंद मराठी समीक्षेत कोणी पाहिली आहे काय? (नावे विचारू नयेत.)

आम्ही नगरकडचे. जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे. बोलण्यात ते पूर्वीही ‘नगर’ होते आणि आताही आहे. येथील पारनेर तालुक्याच्या पठारी भागात खरिपात वाटाणा होतो. तेव्हा हिशेब कागदावर न ठेवता पाहून घ्यावा असे आमच्यापैकी दोघा-तिघांच्या मनात आले, आणि पारनेरचे बी, एक जुना डिजिटल कॅमेरा व काही सुटे भाग जमवून पूर्वेकडील खिडकीत कुंडी मांडली. दर अर्ध्या तासाने बटण दाबण्यास सरस्वतीबाईंची चिकाटी आमच्यापाशी नव्हती. म्हणून कॅमेऱ्याचे बटण उघडून त्याच्या संपर्कांना दोन तारा जोडल्या आणि त्या एका रिलेवर नेल्या. ५५५ क्रमांकाची कालमापक चकती दर तीन मिनिटांनी एक ठोका देई, ४०१७ ही मोजणीची चकती दहा ठोके मोजून रिले ओढी, आणि उजेड ओसरला की प्रकाशरोधक सारे थांबवी. किंमत चहाच्या दोन-चार फेऱ्यांइतकी. दुकानदार यांना ‘आयसी’ म्हणतो. चकती हा शब्द आमचा, आणि तो फारसा चांगला नाही हेही मान्य.

डाख देण्याचे काम आमच्यातील एका सहकाऱ्याच्या वडिलांनी केले. पूर्वी ते रेडिओ दुरुस्त करीत. ‘डाख देणे’ हा त्यांचाच शब्द, आणि तो सोल्डरिंगपेक्षा जुना, तांबटांच्या व कल्हईवाल्यांच्या कामातला आहे. कथील, राळ, नवसागर ही सगळी सामग्री भांड्यांच्या धंद्यातून रेडिओच्या टेबलावर आली. नगरमध्ये तांब्यापितळेच्या भांड्यांचा व्यवसाय जुना, त्यामुळे ही वाट येथे नैसर्गिकच होती. अशीच घरगुती वाट छायाचित्रणाच्या शब्दांनी धरली आहे: फोटो ‘काढतात’, जसे चित्र काढतात, जसे विहिरीतून पाणी काढतात, रोल ‘धुवायला’ टाकतात, जणू ते कपडे आहेत. ‘धुणे’ या क्रियापदाने विकसन, स्थिरीकरण, प्रक्षालन अशा तीन पायऱ्या एका दमात गिळल्या आहेत, आणि ज्याने लाल दिव्याखाली तबकात कागदावर चेहरा उमटताना पाहिला आहे तो या गिळण्यातली सोय आणि नुकसान दोन्ही ओळखील. शब्दकोशातील परिभाषा आणि दुकानातील परिभाषा यांच्यामध्ये एक संपूर्ण मराठी आहे. घराघरांतल्या डार्करूम बंद पडल्या तशी ती मराठीही आवरती घेत आहे. ओव्या गोळा करण्यासाठी आम्ही विद्यार्थ्यांना गावोगाव पाठवतो. ज्याच्या फळीवर अजून हायपोची बरणी आहे त्याच्याकडे मात्र कोणी जात नाही.

प्रयोगाचे काय झाले ते सांगणे भाग आहे. ५५५ची वेळ ज्या धारित्रावर अवलंबून असते ते मोठ्या मूल्याचे घेतले तर थोडे गळते. उन्हाच्या दिवशी अधिक गळते आणि ठोके लांबतात. त्यामुळे आमचा अर्धा तास कधी चौतीस मिनिटांचा होई. श्रावणातले ढग येऊन गेले की चौकटींचा उजेड वरखाली होई आणि चलच्चित्र लुकलुके. पण एकतीस दिवसांनी सातशेच्या आसपास चौकटी हाती आल्या, आणि १६च्या वेगाने पाऊण मिनिटाच्या आतबाहेरचा वाटाणा दिसला. मग त्याच चौकटींतून रोजची एक उचलून ती २४ वेळा लावली व दुसरा वाटाणा केला. दोन्हींतला फरक पाहण्यासारखा आहे. दुसऱ्यात वेल पायऱ्या चढते. काल येथे, आज तेथे. तणावा आधाराच्या काडीला कधी पोचला ते कळत नाही, पोचलेलाच दिसतो. पहिल्यात तो शोधत असतो. वाटाण्याचा तणावा तास-दीड तासात हवेत एक फेरी घालतो, तेव्हा अर्ध्या तासाच्या अंतराने पूर्ण फेरी कधीच पकडली जात नाही. फक्त एक अस्वस्थ चाचपणी दिसते. काडीला स्पर्श झाला की ती चाचपणी थांबते आणि वेटोळे पडते. कर्ज देणाऱ्या माणसाने काय पाहिले असावे याविषयी आम्हांस आता फारशी शंका उरलेली नाही.

फाळक्यांच्या दोन वर्षे आधी, १९१० साली, लंडनमध्ये एफ. पर्सी स्मिथ या छंदी कारकुनाचा ‘द बर्थ ऑफ अ फ्लॉवर’ हा फुले उमलण्याचा चित्रपट प्रदर्शित झाला होता. बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये नोकरी करून त्याने घरातच ही यंत्रे उभी केली होती. पुढे तो आयुष्यभर घरूनच चित्रीकरण करीत राहिला. या माणसाविषयी इंग्रजीत जे लिहिले जाते त्यात मेकॅनोचे तुकडे, ग्रामोफोनचे भाग, रात्री फिल्म संपली की झोपेतून उठवणारी घंटा या गोष्टी आवर्जून येतात. घंटेवाचून स्मिथ सांगताच येत नाही. आमच्याकडे कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी दामल्यांच्या साहाय्याने १९१८ साली स्वतःचा कॅमेरा घडवला. त्याची हकीकतही अभिमानाच्या एका वाक्यात उरकली जाते. पट्ट्यांची जाडी, दात्यांची चाके, फिल्म नेमकी थबकविण्याची युक्ती यांसाठी तेथे अवकाश नसतो.

हे सारे शंभर वर्षांपूर्वीचे म्हणून सोडून द्यावे, तर नगर जिल्हा तसे करू देत नाही. नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन अभ्यास विभागात शिकत असताना नागराज मंजुळे यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे जिल्ह्यातीलच भाऊराव कऱ्हाडे यांनी ‘ख्वाडा’ काढला. या चित्रपटासाठी त्यांनी जमीन विकली, ही गोष्ट २०१५ साली घरोघर पोचली, आणि ती खरीच आहे. पण याच चित्रपटाला चित्रीकरणस्थळीच्या ध्वनिमुद्रणासाठीही राष्ट्रीय पुरस्कार होता. मेंढरांचा कळप, कुत्री, माळावरचा वारा, माणसांची अर्धवट तुटलेली बोली, हे सर्व चित्रीकरणाच्या वेळीच, जागेवर टिपणे म्हणजे काय असते? उघड्या माळावर वाऱ्याचा फटका मायक्रोफोनच्या पडद्यावर बसू नये म्हणून काय करावे लागते? नट वळला की आवाज कसा पाठोपाठ न्यावा लागतो? वाङ्मयीन मासिकांतून ‘ख्वाडा’वर जे लेख आम्ही वाचले त्यांत भटकंती होती, जात होती, सरपंच होता, विकलेली जमीन होती. ध्वनीविषयी एक परिच्छेद शोधावा लागला. विमापत्राच्या जागी सातबारा आला, एवढाच बदल. आशयाविषयीचे ते लेखन मोलाचे आहे आणि ते झालेच पाहिजे. तथापि धनगरी बोलीची ‘अस्सलता’ वाखाणणाऱ्या समीक्षकाने ती अस्सलता कोणत्या तारेतून आपल्या कानापर्यंत आली हे विचारू नये, हे आम्हांस कळत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. तंत्राच्या तपशिलात शिरले की माणूस निसटतो. उपकरणांची यादी म्हणजे चरित्र नव्हे. यादी चरित्र नव्हे हे कबूल. पण वाटाण्याच्या बाबतीत उलटे घडले: हिशेब मांडेपर्यंत त्या खोलीत एक थोर पुरुष आणि एक कुंडी होती, हिशेब मांडल्यावर दिवसातून चोवीस वेळा तेथे येणारे एक माणूस दिसू लागले. त्याला पाणी घालताना कुंडी केसभर हलू देता येत नव्हती. मुलांना त्या कोपऱ्यात जाऊ देता येत नव्हते. घरातला एकमेव कॅमेरा महिनाभर अडकून पडला होता आणि आतली फिल्म बिघडली की नाही हे शेवटी धुतल्यावाचून कळणार नव्हते. यातले काहीही आम्ही कल्पनेने सजवलेले नाही. दिवसाला २४ या आकड्यातून ते आपोआप निघते.

एक गोष्ट अद्याप राहिली आहे. आमच्या चौकटी उजेडाच्या होत्या, म्हणून दर सकाळी आमचा वाटाणा किंचित उडी मारतो. वेल रात्रीही वाढते. ती उडी टाळावयाची तर रात्री दिवा हवा, आणि १९१२च्या फिल्मला पुरेल असा दिवा म्हणजे वीज किंवा मॅग्नेशियमची तार. मुंबईत वीजपुरवठा तोवर सुरू झालेला होता. फाळके राहत होते त्या इमारतीत तो पोचला होता काय, हे जुन्या जोडणी-नोंदींतून, भाडेपावत्यांतून, शेजाऱ्यांच्या पत्रांतून शोधता येण्याजोगे आहे. मराठीत प्रबंधाचा विषय मिळत नाही अशी तक्रार घेऊन दरवर्षी दोन-तीन विद्यार्थी आमच्याकडे येतात. यंदा आम्ही त्यांच्या हाती हा प्रश्न देणार आहोत.